मागच्या सीटवरची कोरी जागा

वाफवालीने आतून साफ केलेली गाडी नवी होऊन जाते, हे समोरचा टायरवालासुद्धा कबूल करायचा, आणि टायरवाल्याच्या तोंडून सहसा कुणाचं चांगलं निघत नसे. गाड्या बाहेरून धुणारे त्या रस्त्यावर ढिगाने होते. सीटचं कापड, आतला फोम, पायाखालचा गालिचा, छताचं अस्तर यांत मुरलेली घाण नि वास मुळासकट काढणारी मात्र ती एकटी. नवरा बोल्ट खोलून सीटा बाहेर काढून द्यायचा. पुढचं सगळं तिचं. हातात सदैव वाफेच्या मशीनची नळी, म्हणून नाव पडलं वाफवाली. नवऱ्याला लोक 'वाफवालीचे मिस्टर' म्हणत. तो ते हसण्यावारी नेई, कारण आयता चहा मिळणं आणि बायकोची बढाई मारणं या दोन गोष्टींवर त्याचा जीव होता.

दूध सांडलेली गाडी येवो की कुत्रा ओकलेली, ती कशालाही नाक मुरडत नसे. बुरशीचं नाव काढलं की मात्र तिच्या कपाळाला आठी पडायची. त्याचं कारण घरी होतं. तिची मुलगी ठकी, शाळेत नुकती कुठे रुळलेली, छातीने फार नाजूक. जरा कुबट हवा लागली की पोरीच्या श्वासाला शिट्टी लागे, ओठ निळसर होत आणि घराची झोप उडे. ओल आणि बुरशी यांच्यापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आईच्या धंद्यात तर सारी बुरशीच. म्हणून ठकीला शेडमध्ये यायला साफ मनाई. शेडमधले कपडे शेडमध्येच उतरायचे, तिथेच डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच घर गाठायचं. घरही तिने हट्टाने वरच्या मजल्यावरचं, दोन्ही बाजूंनी ऊन येणारं घेतलं होतं. पोरीचा श्वास सुरळीत चालावा, याखेरीज तिचं कुणाकडे काही मागणं नव्हतं.

ती निळी गाडी आली तेव्हा तिच्या चारही काचा खाली होत्या. चालवणारा चष्मेवाला, इस्त्रीच्या शर्टातला, एखाद्या शाळेचा हेडमास्तर शोभावा असा. तो उतरला आणि आधी चार हात लांब जाऊन उभा राहिला.

"बहिणीची गाडी आहे," तो म्हणाला. "पत्र्याखाली बंद पडून होती. ती आता चालवत नाही. विकून टाकावी म्हणतोय, पण आत... तुम्हीच बघा."

वाफवालीने तोंडाला मास्क बांधला आणि मागचं दार उघडलं. वास अंगावरच आला. राखाडी केसाळ थर सीटभर पसरला होता, पट्ट्यांवर चढला होता, दाराच्या कापडावर, छताच्या अस्तरावर, सगळीकडे. पण तिची नजर गेली ती भलतीकडेच. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीजवळ, एक जागा कोरी होती. थाळीएवढी गोल, आणि तिथलं कापड नवंकोरं. तिच्या वर पाठ टेकायच्या भागावर आणखी एक तशीच जागा. दाराच्या कापडावर कोपर टेकेल इतकीच एक. आणि पुढच्या सीटच्या पाठीवर, ज्यांचे पाय खाली पोचत नाहीत अशांचे पाय जिथे लागतात तिथे, शेजारी शेजारी दोन.

"लहान मुलाची खुर्ची बांधलेली असणार," नवरा तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "तेवढ्या जागेला हवा लागली नाही. काय हो, पोराटोरांची गाडी ना?"

"लहान मूल नाही आमच्याकडे," चष्मेवाला म्हणाला. मग शर्टाची बाही उगाच सारखी करत त्याने विचारलं, "जाईल ना?"

"बुरशी? तिचा बापही जाईल," नवरा म्हणाला. चष्मेवाला काही हसला नाही.

कामाला ती कधी घाई करत नसे. कोरडी बुरशी ब्रशने झाडली की ती हवेत उडते आणि दहा ठिकाणी जाऊन बसते. म्हणून आधी व्हिनेगरचं पाणी फवारायचं, ते मुरू द्यायचं, आणि मग थर ओलाच उचलायचा. त्यानंतर फेस. मग ओढणाऱ्या मशीनने फेसाबरोबर आतलं काळं पाणी शोषून घ्यायचं. शिवणींत वाफ. छताला वाफ बेताने, नाहीतर आतला गोंद सुटतो आणि अस्तर डोक्यावर लोंबतं. सीटचे पट्टे पुरते बाहेर ओढून चिमटे लावून ठेवायचे, कारण गुंडाळलेल्या भागात बुरशी दडून राहते. शेवटी सगळी दारं उघडी टाकून मोठे पंखे लावायचे आणि तळहात उलटा करून कापडावर टेकवायचा. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला ओल लवकर कळते, यावर तिचा विश्वास होता.

संध्याकाळी तिने असा हात टेकवला, तेव्हा सगळी सीट कोरडी आणि गार होती. खिडकीजवळची ती जागा मात्र कोमट लागली. ऊन त्या बाजूला आलंच नव्हतं. पंख्याच्या मोटरची धग असेल, असं म्हणून तिने हात काढून घेतला.

सकाळी शेड उघडून पाहते, तर सीटवर बुरशी पुन्हा हजर. तस्सा थर, तोच वास. आणि कोरी जागा डावीकडून उठून मधोमध आलेली.

"हे बघ जरा," तिने नवऱ्याला हाक मारली.

त्याने डोकं खाजवलं. "फोममध्ये बीज राहिलं असणार. खोळ काढू, फोमच बदलू."

"आणि ती जागा सरकली ती?"

"आपण काल कुठे होती ते नीट पाहिलं नसेल."

तिने पाहिलं होतं. पण वाद घालत बसण्यापेक्षा तिने खोळी उतरवल्या, उकळत्या पाण्यात घातल्या, जुना फोम काढून टाकला. सीटच बाहेर उन्हात नेऊन उलटी ठेवली. मग रिकाम्या गाडीत गालिचा घासला, वाफवला, सुकवला, आणि नवऱ्याने दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी बुरशी गालिच्यावर आली होती. सीट नव्हतीच, त्यामुळे ती थाळीएवढी कोरी जागाही नव्हती. त्याऐवजी दाराशी, गालिच्यावर, दोन लहान कोऱ्या खुणा होत्या, जोडून. टाचा दाराकडे, बोटं आतल्या बाजूला.

वाफवाली बराच वेळ तशीच वाकून राहिली. भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी वाटलं ते वेगळंच. बसायला जागा नाही म्हणून कुणीतरी रात्रभर उभं राहिलंय, हे मनात आलं. शेवटी आईचंच मन ते. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. खुणांवरून ब्रश फिरवायच्या आधी ती क्षणभर थांबली, आणि त्याच दिवशी, नेहमीपेक्षा लवकर, नव्या फोमची सीट आत बसवून घेतली.

त्यानंतर बुरशी आली नाही. पुढेही दोन-तीन दिवस तिने गाडी मुद्दाम बंद ठेवून पाहिली. कापड कोरडं, वास नाही, कुठे ठिपका नाही. नवऱ्याने टायरवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बायकोची तारीफ केली.

चष्मेवाला गाडी न्यायला आला. त्याने मागचं दार उघडलं नाही. काचेतूनच आत पाहिलं.

"गेली का?"

"गेली. मुळापासून."

"तुम्हाला नक्की वाटतं, गेली?"

"अहो, नाक आत घालून बघा की," नवरा म्हणाला. चष्मेवाल्याने ते काही केलं नाही. तो बसला आणि त्याने गाडी चालू केली.

गिऱ्हाईक निघालं की "या हं" म्हणायची वाफवालीची सवय होती. सगळेच म्हणतात, निघालेल्याला 'जा' कुणी म्हणत नाही. त्यामुळे तेव्हाही तिने तोंड उघडलं. पण तिचं लक्ष चष्मेवाल्याकडे नव्हतंच. ती मागच्या काचेतून खिडकीजवळच्या त्या जागेकडे बघत होती, आणि तिच्या मनात ती उभी राहिलेली पावलं होती. लहान मुलाला म्हणावं तसं, अगदी मायेने, तिच्या तोंडून गेलं, "ये हं."

गाडी जागच्या जागी थांबली. चष्मेवाल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने गाडी पुढे काढली आणि कोपऱ्यावर वेग न उतरवताच वळला.

"वा!" नवरा पोट धरून हसला. "एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे? उद्या टायरवाल्याला कडेवर घेशील."

तीही हसली. जीभ घसरली, एवढंच. असं आपलं तिने धरलं.

घरात जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या होत्या, त्यांना कापडी गाद्या. काही दिवसांनी खिडकीजवळच्या, कुणी वापरत नसलेल्या खुर्चीच्या गादीवर तिला राखाडी लव दिसली. थाळीएवढी जागा सोडून. त्या खिडकीतून सकाळचं ऊन सरळ गादीवर पडत होतं. तिथे बुरशी धरायचं काही कारणच नव्हतं. तिने गादी उचलून गच्चीवर नेली, फवारली, घासली, उन्हात टाकली. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर, एका कोपऱ्यात. ती घासून काढली, तर पडद्याच्या खालच्या काठाला. घरात व्हिनेगरचा वास मावेना. नवऱ्याची थट्टाही हळूहळू बंद पडली.

आणि ठकीच्या छातीत शिट्टी लागली. आधी पहाटेची, मग दिवसभर. औषधाचा पंप तोंडाशी धरून पोर बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आलीय का?"  जगाच्या गाड्यांची बुरशी काढणारी ती, आणि तिच्याच पोरीला स्वतःच्या घरात श्वास मिळत नव्हता.

एक गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती. ठकी सोफ्यावर बसली की मधोमध बसत नसे. आधी बसे, मग थोडी बाजूला सरके.

"नीट बस की गं मधे," ती एकदा म्हणाली.

ठकी फक्त आणखी थोडी सरकली.

त्या दुपारी तिने चष्मेवाल्याला फोन लावला. गाडी कशी आहे, वास परत आला का, असं काहीबाही विचारलं. तो सगळं ऐकून घेत राहिला.

"तुम्ही 'ये' म्हणालात," तो शेवटी म्हणाला.

"मी तुम्हाला म्हणाले हो. चुकून गेलं तोंडातून."

"मला तुम्ही 'या' म्हणाला असतात." त्याने आवाज खाली आणला. "आमच्या घरात निघताना कुणी काही बोलतच नाही आता. गुपचूप दार ओढून घेतो."

"हे बघा, मला ते काही माहीत नाही. माझी मुलगी आजारी आहे. हिला घालवायची कशी, ते सांगा." 'हिला' म्हणताना ती स्वतःच दचकली. पण बुरशीलाही हिलाच म्हणतात.

"ताईने तिला 'जा' म्हणून सांगितलं होतं. तोंडावर."

"मग?"

"मग गेली."

तिच्या जिवात जीव आला. इतका साधा उपाय! आतल्या खोलीत ठकीला खोकल्याची उबळ आली आणि ती फोन ठेवायला वळली. चष्मेवाला घाईघाईने काही विचारत होता, तुमची मुलगी केवढी आहे, ताईचीही लहानच होती, असं काहीतरी. तिने फोन बंद केला.

सकाळी नवरा दाढी करत होता. ठकी शाळेला निघाली होती. दाराशी वाकून बुटाचा पट्टा लावत होती. बारीक शिट्टी चालूच होती. वाफवाली टेबलापाशी आली. खिडकीजवळच्या खुर्चीला तिने नवी गादी घातली होती, तीही राखाडी झाली होती. मधली जागा कोरी.

पोर बाहेर पडेपर्यंत थांबावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या शिट्टीने तिचं डोकं उठलं होतं. तिने हाताची पाठ त्या कोऱ्या जागेवर टेकवली. कोमट.

आयुष्यात तिने कुणाला असं सांगितलं नव्हतं. दारावर आलेल्या परक्यालासुद्धा नाही.

"जा," ती म्हणाली. "ऐकलंस ना? जा इथून. परत येऊ नकोस."

मागे बुटाच्या पट्ट्याचा आवाज थांबला.

"जाते," ठकी म्हणाली.

दाढी करता करता नवरा आतून ओरडला, "जाते काय गं? येते म्हणावं!"

ठकी जिना उतरूनही गेली होती.

वाफवाली अनवाणी धावली. फाटकापाशी तिने पोरीला गाठलं, खांदे धरून आपल्याकडे वळवलं. "अगं सोने, तुला नाही म्हणाले मी! तुला कशी म्हणेन? मी आपली उगाच..."

"माहीत आहे," ठकी म्हणाली. तिने आईच्या डोळ्यांत नीट पाहिलं, पदराशी चाळा केला नाही, लाडात आली नाही. शाळेची गाडी आली. ती चढली आणि खिडकीजवळ बसली.

वाफवाली वर आली तेव्हा जिन्यातच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बोलताना पोरीची शिट्टी वाजली नव्हती.

ती नंतरही वाजली नाही. दुपारी ठकी वेळेवर घरी आली, जेवली, अभ्यासाला बसली. औषधाचा पंप कपाटात गेला. घरात कुठे ठिपका नाही, वास नाही. डॉक्टरांनी नळी छातीला लावून पाहिली, पाठीला लावून पाहिली, आणि ते खूश झाले.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मोकळी आहे छाती. एकदम मोकळी."

नवऱ्याने त्या आनंदात टायरवाल्याला स्वतःच्या हाताने चहा करून पाजला. तो कसा झाला होता याची चर्चा रस्ताभर झाली. वाफवाली हसली, मग शेडमागे जाऊन पोटभर रडली. मागणं पुरं झालं होतं. पोर धावत होती, जिने चढत होती, आणि धाप तिच्या वाटेला येत नव्हती. आता ती सोफ्यावर मधोमध बसायची. शाळेला निघताना मात्र 'जाते' म्हणायची, आणि बापाने कितीदा सुधारलं तरी तेच.

अशाच एका सकाळी वाफवालीने चादरी धुवायला काढल्या. नवरा आणि ठकी स्वयंपाकघरात काहीतरी खात होते. ठकीच्या पलंगावरची चादर अजून चुरगळलेली होती. थोड्या वेळापूर्वीच तिने स्वतः पोरीला हाताला धरून तिथून उठवलं होतं. तिने चादर ओढली.

गादी राखाडी झाली होती. उशीपासून पायथ्यापर्यंत, या काठापासून त्या काठापर्यंत. भिंतीच्या बाजूला, अंग चोरून निजावं एवढीच एक जागा कोरी होती.

पण ठकी तिथे झोपत नसे. ठकी मधे झोपायची. मधे तिच्या अंगाचा खळगा पडला होता, डोक्याचा, खांद्याचा, दुमडलेल्या गुडघ्यांचा. आणि त्या खळग्यात थर सगळ्यात दाट होता.

आतून ठकीच्या हसण्याचा आवाज आला. लांबलचक, कुठेही न अडखळणारा.

वाफवालीने तळहात उलटा केला आणि खळग्यावर टेकवला. हाताला गार ओल लागली. पोर उठून पाच मिनिटंही झाली नव्हती, पण हात सांगत होता, तिथे किती तरी दिवसांत कुणी झोपलंच नव्हतं.